नाणे मावळातले मासे आणि त्यांचं पाणी : सायक्स साहेबाच्या नोंदींपासून वळवणच्या महाशीरपर्यंत

वडिवळे (ता. मावळ) : जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला, ओढे तांबडे होऊन धावायला लागले, की रात्री बॅटऱ्या, जाळी आणि पिशव्या घेऊन माणसं पाण्याकडं निघतात. कुणी खेकड्यांसाठी, कुणी चढणीच्या माशांसाठी. आपल्याकडं हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि त्यात गंमतही आहे. पण तो मासा प्रवाहाच्या उलट का चढतो, कुठं जातो, त्याच्या पोटात काय असतं, आणि आजोबांच्या वेळचे कितीतरी मासे आता जाळ्यात का येत नाहीत, हे विचारलं तर गडी गप्प होतो.

या प्रश्नांवर जवळजवळ दोनशे वर्षं अभ्यास चाललाय, आणि त्यातला बराचसा आपल्याच पाण्यात झालाय. लोणावळा, खंडाळा, इंद्रायणी, मुळा-मुठा ही नावं मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात जागोजागी भेटतात. ती माहिती इथं एकत्र देतोय.

पाणी कुठून कुठं जातं

वडिवळे धरण कुंडलिका नदीवर आहे. (रोह्याची कुंडलिका वेगळी, ती घाटाखाली कोकणात वाहते.) धरणाची क्षमता साधारण एक टीएमसी, म्हणजे पवनेच्या मानानं लहानच. उकसानकडं त्याचा फुगवटा पसरलेला दिसतो. खाली ही नदी इंद्रायणीला मिळते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगवते आणि देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे राजमाचीवर उभं राहिलं की अरबी समुद्राची बाजू समोर दिसते, पण आपल्या ओढ्यातलं पाणी मात्र पाठ फिरवून देशाच्या दुसऱ्या टोकाला जातं. माशांच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे. घाटाच्या पलीकडचे मासे आणि अलीकडचे मासे यात म्हणूनच बराच फरक पडतो.

मराठी नावं लॅटिन पुस्तकात

विल्यम हेन्री सायक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. शेती, माणसं, जनावरं, पाऊस, सगळ्याची नोंद. पक्ष्यांचा त्याला नाद होता, एका चंडोलाला अजून त्याचं नाव आहे. माशांचाही होता. दख्खनच्या माशांवरचं त्याचं काम १८३९ ते १८४१ च्या दरम्यान लंडनला प्रसिद्ध झालं.

त्यानं एक चांगली गोष्ट केली. इथल्या लोकांनी माशाला जे नाव सांगितलं, तेच पुष्कळदा शास्त्रीय नावात घातलं. त्यामुळं आज जगातला कुठलाही शास्त्रज्ञ, मग तो जपानचा असो की ब्राझीलचा, आपल्या नदीकाठच्या माणसाच्या तोंडची नावं घेतो. लेबिओ पोटेल, लेबिओ बोग्गट, गारा मुल्या, मिस्टस सिंगटी. सिंगटी म्हणजे आपली शिंगटी, मुल्या म्हणजे दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या. इंग्रजाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, एवढंच.

यातला सगळ्यात मजेशीर म्हणजे ‘नुक्ता’. शास्त्रीय नाव शिस्मॅटोऱ्हिंकस नुक्ता. या माशाच्या नाकावर चीर पडल्यासारखी खाच आणि त्यापुढं फुगीर मांस असतं, तोंड बघितलं की नाक कापल्यासारखं दिसतं. म्हणून नकटा. हा मासा फक्त कृष्णा-कावेरीच्या बाजूच्या नद्यांतला. जागतिक निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, धोक्यातल्या प्राण्यांची जी लाल यादी करतो, त्यात नकटा ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. ज्याचं नावच मराठी आहे, तो मासा मराठी मुलखातून गेला तर नाव तेवढं राहील.

महाशीरचंही तेच. आपल्या भागातली महाशीर (काही ठिकाणी खडस म्हणतात) म्हणजे टोर खुद्री. सायक्सनं तिचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या जागी नदीचं पाणी कसं आहे, हे पुण्याला जाणाऱ्या कुणाला सांगायला नको.

खंडाळ्याच्या ओढ्यातला बोटभर मासा

मोठ्या माशावर सगळ्यांची नजर असते, पण शास्त्रज्ञांना मावळात जास्त भुरळ घातली ती बारक्या माशांनी. नेल्सन अॅनंडेल हा भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक. १९१६ साली ही संस्था सुरू झाली आणि १९१९ साली त्यानं खंडाळ्याच्या छोट्या ओढ्यातल्या एका माशाची नवी जात म्हणून नोंद केली. आज तिचं नाव पॅराप्सिलोऱ्हिंकस टेंटाक्युलेटस. नाव जेवढं लांब, तेवढा मासा नाही. जेमतेम बोटभर.

हा मासा धबधब्याखालच्या, खळाळत्या पाण्याच्या दगडांवर राहतो. पोट सपाट, छातीजवळचे पर आडवे पसरलेले, त्यामुळं तो दगडाला घट्ट धरतो. एवढ्या जोराच्या पाण्यात मोठा मासा वाहून जाईल, हा तिथंच जेवतो आणि तिथंच राहतो. याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे पुण्याचं नाव लावणारा ग्लिप्टोथोरॅक्स पुनाएन्सिस. सुंदरलाल होरा या मोठ्या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञानं १९३८ साली त्याची नोंद केली. त्याच्या छातीवर कातडीच्या बारीक घड्या असतात आणि त्यांच्या जोरावर तो खडकाला चिकटतो.

अशा माशांना बाजारात भाव नाही. पण हे मासे सांगतात की ओढा जिवंत आहे. दगड गोटे काढून ओढा सरळ केला, पोकलेननं खोल केला, की पहिला फटका यांना बसतो. पाणी तेवढंच असतं, फक्त धरायला दगड उरत नाही. ओढा खोलीकरणाचं काम गावात येतं तेव्हा किती ब्रास गाळ निघाला ते मोजतात, गोट्यांखाली कोण राहत होतं ते कुणी मोजत नाही.

वळवणची महाशीर

आता मुख्य गोष्ट. लोणावळ्याचं वळवण धरण सगळ्यांना माहीत आहे. टाटांनी खोपोलीला वीज करण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी लोणावळा, वळवण, शिरवता ही धरणं बांधली, खोपोलीचं केंद्र १९१५ ला सुरू झालं. या तळ्यांत महाशीर होती. पुढं १९७० च्या सुमारास वळवणला महाशीरची पैदास करायचं काम सुरू झालं, आणि त्यानं देशभर नाव काढलं.

यामागं दोन नावं महत्त्वाची. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले शास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांनीच कोकण किनाऱ्याच्या खाड्यांतला नखाएवढा होराइक्थिस सेटनाय हा मासा जगासमोर आणला होता, १९४० साली. महाशीर अंडी कधी घालते, अंडं कसं असतं, पिल्लू कसं वाढतं याचा तपशीलवार अभ्यास त्यांनी लोणावळ्याच्या माशांवर केला, आणि तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. दुसरे एस. एन. ओगले. त्यांनी अनेक वर्षं वळवणच्या केंद्रात ही पैदास प्रत्यक्ष करून दाखवली आणि त्यावर लिहिलं.

काम ऐकायला सोपं वाटतं. ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला, अंड्यावर आलेली मादी पकडायची. पोटावरून हलक्या हातानं दाब देत अंडी कोरड्या भांड्यात काढायची. नराचं वीर्य त्यावर पाडून पिसानं हळूच मिसळायचं, मग पाणी घालायचं. कोरडं भांडं का, तर पाण्यात पडलं की वीर्य थोड्याच वेळात निकामी होतं. भांडं कोरडं ठेवल्यानं जास्त अंडी फळतात. नर-मादी दोन्ही नंतर पाण्यात परत सोडता येतात.

अवघड भाग पुढं आहे. रोहूची एक किलोची मादी दोन-तीन लाख अंडी देते. महाशीर किलोमागं काही हजारच देते. रोहूचं अंडं पंधरा-वीस तासांत फुटतं. महाशीरच्या अंड्याला तीन दिवसांच्या आसपास लागतात, पाणी गार असेल तर जास्त. अंडी जड असतात, तळाला बसतात, म्हणून ती पसरट ट्रेमध्ये ठेवून वरून सारखं स्वच्छ पाणी वाहतं ठेवावं लागतं. त्यावर गाळ बसला किंवा बुरशी आली, की संपलं. रोज खराब अंडी वेचून काढावी लागतात. आणि पिल्लू बाहेर आलं तरी लगेच पोहत नाही. पोटाला बलकाची पिशवी घेऊन ही पिल्लं कोपऱ्यात टोळकं करतात, उजेडापासून तोंड लपवतात. बलक संपायला दोनेक आठवडे जातात.

आता हे नदीत घडतंय असं समजा. तीन दिवस अंडं आणि दोन आठवडे न पोहणारं पिल्लू, तेही दगडगोट्यांच्या फटीत. त्या पंधरा-वीस दिवसांत वरून मातीचा लोंढा आला, कुणी वाळू उपसली, किंवा धरणाचं पाणी अचानक बंद झालं, तर त्या वर्षाची वीण गेली. महाशीर कमी का झाली याचं अर्धं उत्तर या पंधरवड्यात आहे. उरलेलं अर्धं उत्तर सुरुंग, विष आणि अंड्यावरची मादी पकडणं.

ओगलेंनी आणखी एक युक्ती पक्की केली. फळलेली अंडी ओल्या कापसात ठेवून लांब पाठवायची. पिल्लं पाठवायला पाण्याचे मोठे डबे आणि प्राणवायू लागतो, अंड्यांना ओलावा पुरतो. त्यामुळं लोणावळ्याची महाशीर बाहेरच्या राज्यांत गेली. लाखो पिल्लं आजवर वेगवेगळ्या तळ्यांत आणि नद्यांत सोडली गेलीत.

कावेरीतली चूक

इथं एक कडवट गोष्ट सांगायला हवी, कारण चांगल्या हेतूनं केलेलं कामही अंगाशी येतं. लोणावळ्याची ही निळ्या परांची महाशीर कर्नाटकात नेऊन कावेरीत सोडली. कावेरीत आधीच तिची स्वतःची महाशीर होती, पाठीवर कुबड असलेली, पन्नास किलोच्या वर जाणारी, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. गळानं मासेमारी करणाऱ्यांनी कावेरीत वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या होत्या, मासा पकडायचा, मोजायचा, सोडायचा. १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांची वाढत गेली आणि कुबडवाली जवळजवळ दिसेनाशी झाली.

आणखी आश्चर्य म्हणजे एवढ्या प्रसिद्ध माशाला तोवर नीट शास्त्रीय नावच नव्हतं. २०१८ साली डीएनए आणि शरीररचना तपासून ठरलं, की ती टोर रेमादेवी, जिची आधी केरळातल्या पंबार नदीतून नोंद झाली होती. त्याच वर्षी ती लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ गटात गेली. आपली टोर खुद्री २०११ साली त्याच यादीत ‘संकटग्रस्त’ होती, नंतरच्या फेरतपासणीत तिला कमी चिंतेच्या गटात टाकलं. यादीत ती सुरक्षित दिसते याचं एक कारण तिला सगळीकडं नेऊन सोडलंय हे आहे. पण आपल्या ओढ्यात, आपल्या नदीत ती किती उरली, हा प्रश्न त्या यादीनं सुटत नाही.

म्हणून वाढदिवसाला, पुण्य म्हणून किंवा नेत्याच्या कार्यक्रमात ‘मत्स्यबीज सोडणे’ असा फोटो निघतो तेव्हा एक प्रश्न विचारायला हरकत नाही : कुठला मासा, कुठून आणलेला?

इंद्रायणीत किती मासे

पुण्याच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी इंद्रायणीचे मासे वर्षानुवर्षं फिरून, कोळी बांधवांच्या जाळ्यात बघून नोंदले आणि २०१२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पन्नासच्या वर जाती. त्यातल्या काही फक्त पश्चिम घाटात सापडणाऱ्या, काही तर फक्त कृष्णेच्या खोऱ्यातल्या. मूळ लोणावळ्याजवळ आणि पुढं आळंदीपर्यंत जाणाऱ्या एका लहान नदीसाठी ही मोठीच संपत्ती आहे.

त्याआधी २००३ साली पुणे जिल्ह्यातल्या नद्यांच्या जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवून बघितल्या गेल्या. जुन्या म्हणजे १९४० च्या दशकातल्या, तेव्हाही पुण्याच्या माशांच्या याद्या छापल्या गेल्या होत्या. चित्र सरळ होतं. इथले मूळ मासे कमी झालेत आणि बाहेरून आणलेले वाढलेत.

बाहेरचे कोण? तिलापिया, म्हणजे आपल्या बाजारातली चिलापी, मूळची आफ्रिकेची. सायप्रिनस परदेशचा. डासांसाठी सोडलेले गप्पी आणि गंबुसिया अमेरिकेकडचे. आणि ऐकून अनेकांना धक्का बसेल, पण रोहू, कटला, मृगळ हेही आपल्या नद्यांचे नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातले, इथं पैदास करून सोडलेले. खायला चांगले, तळ्यात वाढवायला चांगले, त्याबद्दल तक्रार नाही. पण नदीत ते पाहुणे आहेत. आफ्रिकन मांगूर तर सरकारनं बंदीच घातलेला मासा. तो दुसऱ्या माशांची पिल्लं फस्त करतो. तरी चोरून पाळतात आणि पावसाळ्यात शेततळं फुटलं की तो ओढ्याला लागतो.

चढण, धरण आणि आहेर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं. चढणीचा मासा उलटा का चढतो? अंडी घालायला. उन्हाळ्यात तो डोहात तग धरतो. पहिल्या पावसाचं थंड, ताजं, गढूळ पाणी आलं की त्याच्या अंगात बदल होतो आणि तो वर, उथळ आणि गोटाळ जागेकडं निघतो. काही जण थेट भातखाचरात शिरतात. तिथं पाणी उथळ, ऊन लागलेलं, बारीक किड्यांनी भरलेलं असतं, पिल्लांना खायला मिळतं आणि मोठे मासे तिथं येत नाहीत.

चढणीला पकडलेल्या दहा माशांतले बरेचसे अंड्यानं भरलेले असतात. खाणाऱ्याला ते आवडतात, यात खोटं काही नाही, गाबोळी कुणाला आवडत नाही? पण पाण्याच्या वाटेवर आडवं जाळं लावून सगळीच्या सगळी वाट बंद केली, तर पुढच्या वर्षी चढायला कोण उरणार, हा हिशोब करायला शास्त्रज्ञ लागत नाही. निम्मी वाट मोकळी ठेवली, पहिल्या दोन-तीन चढणी सोडून दिल्या, तरी फार फरक पडतो. काही जुनी माणसं हे पाळत होती.

खेकड्यांचं आणखी नाजूक आहे. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यावर तरंगत लांब पसरतात. आपल्या डोंगरातल्या खेकड्याचं तसं नाही. मादी अंडी आणि नंतर पिल्लंही पोटाखाली धरून फिरते, आणि पिल्लू बाहेर येतं ते खेकड्याच्याच रूपात. त्यामुळं एका डोंगराचे खेकडे संपले तर दुसऱ्या डोंगरावरून ते सहज येत नाहीत. पोटाखाली पिल्लं दिसली की मादी सोडून द्यायची, एवढं जरी पोरांनी पाळलं तरी पुष्कळ.

धरणाबद्दल. धरण पाण्याची गरज भागवतं, त्यावर आपली भातं, ऊस आणि पिण्याच्या योजना आहेत. पण माशाला भिंत ओलांडता येत नाही. खालचे मासे वर जात नाहीत. वरचे राहिले तर साचलेल्या पाण्यात जगणारेच राहतात, खळाळत्या पाण्यातले जातात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहेर. सापासारखा लांब, चिकट अंगाचा मासा, जुन्या माणसांनी बघितलाय. पुण्याच्या नद्यांच्या जुन्या याद्यांत तो आहे. हा वाढतो नदीत आणि अंडी घालायला जातो समुद्रात. आपल्याकडचा आहेर म्हणजे कृष्णेच्या मुखातून शिरून, शेकडो किलोमीटर पोहत सह्याद्रीच्या पायथ्याला आलेला प्रवासी. आज त्या वाटेवर नागार्जुनसागर, श्रीशैलम, उजनी अशी एकामागून एक धरणं उभी आहेत. जाळ्यात आहेर येत नाही याचं उत्तर मावळात शोधून सापडणार नाही.

मासा गेला की त्याच्याबरोबर दुसरंही जातं. नदीतल्या शिंपल्याचं बारीक पिल्लू काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतं, तेव्हाच ते पुढं वाढतं आणि नव्या जागी पोचतं. योग्य मासा नाही तर शिंपला नाही. आणि शिंपला रोज पाणी गाळून स्वच्छ करत असतो. हेच काम स्पंज करतो. होय, गोड्या पाण्यात स्पंज असतो, दगडाला चिकटलेला हिरवट, खरखरीत थर, आपण शेवाळ समजून सोडून देतो. पुणे परिसरातून त्याच्या पाच जातींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झालाय. उन्हाळ्यात पाणी आटलं की तो बारीक गोळ्या मागं ठेवून मरतो आणि पावसात त्याच गोळ्यांतून पुन्हा उगवतो.

मासे पहाटेच का मरतात

इंद्रायणीत मासे मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. देहूच्या डोहातल्या महाशीर मेल्याच्याही आल्यात. विष टाकलं, अशी चर्चा होते. कधी ते खरं असतं, पण प्रत्येक वेळी नाही.

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. स्वच्छ पाण्यात २५ अंश तापमानाला लिटरमागं साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३-४ च्या खाली गेला की बहुतेक मासे बेचैन होतात. सांडपाणी आलं की ते कुजवणारे जीवाणू प्राणवायू खातात. जलपर्णी आणि शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात खरं, पण रात्री तेही ओढून घेतात, आणि जलपर्णीचं दाट पांघरूण हवेचा संबंधच तोडतं. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडानं फटाफट हवा घ्यायला लागले, तर ते माशांचं खेळणं नसून गुदमरणं असतं. दुसरा धोक्याचा दिवस म्हणजे पहिला पाऊस. उन्हाळाभर गटारात आणि नदीपात्रात साचलेली घाण एकदम वाहून येते.

मेलेले मासे दिसले तर ते गोळा करून खाऊ नका आणि विकू नका. वेळ, जागा, पाण्याचा रंग आणि वास लिहून ठेवा, फोटो काढा. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, आणि सावलीत, शक्य तर बर्फात ठेवा. ग्रामपंचायत, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. उशीर झाला की पाणी पुढं वाहून जातं आणि पुरावाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, ही काही कालपरवाची बंदी नव्हे.

शास्त्रज्ञ नेमकं काय करतात, आणि गाव काय करू शकतं

काठावर कुणी पोरं-पोरी बारकी जाळी, फूटपट्टी आणि बाटल्या घेऊन बसलेली दिसली तर त्यांना हाकलू नका, चोरी करत नसतात. मासा मोजतात, वजन करतात, परावरचे काटे मोजतात. खवल्यावर आणि कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, त्यावरून वय काढतात. पराचा बारीक तुकडा घेऊन डीएनए तपासतात. अलीकडं तर नुसतं पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून तिथं कोण राहतं हे शोधता येतं. जपून ठेवलेले नमुने संग्रहात जातात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे, लोकलनं कामशेतहून तासाभराची वाट.

गावाच्या हातात एक कायदेशीर साधन आहे आणि ते बहुतेक ठिकाणी कपाटात धूळ खातंय. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. त्यात माशांचं पान असतं. तुमच्या गावची नोंदवही मागून बघा. पुष्कळ ठिकाणी ती दुसऱ्या गावाची नक्कल असते, त्यात ओढ्याचं नावही चुकलेलं. ती दुरुस्त करायला ग्रामसभेत विषय घेता येतो.

त्या पानासाठी लागणारी माहिती कॉलेजात नाही, ती सत्तरीच्या आजी-आजोबांकडं आहे. कुठला मासा कुठल्या डोहात असायचा, त्याला आपल्या गावात काय म्हणायचे (पाच कोसावर नाव बदलतं), शेवटचा कधी बघितला, कुठला डोह देवाचा म्हणून त्यात कुणी जाळं टाकत नव्हतं. असे राखलेले डोह महाराष्ट्रात आहेत. महाड तालुक्यातल्या काळ नदीवरचा वाळण कोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरचं तिळसे इथं देवाच्या नावानं महाशीर आजही जपलेली आहे, आणि शास्त्रज्ञ ती बघायला मुद्दाम जातात. कुठल्याही सरकारी योजनेशिवाय झालेलं काम आहे ते.

फोटो काढताना मासा ओल्या हातानं धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर रोग लागतो. बाजूनं एक, तोंडाचा एक, शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवून आकार कळेल असा एक. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. मग मासा सोडून द्या, किंवा तो चिलापी असेल तर कालवण करा.